बाबांना ६० ग्रे लिहिलेत, कमी तर नाहीत ना? (फुप्फुसाचा कॅन्सर, किमो आणि सिकाई बरोबर)

सराफ्याची_सून | २५ जुलै, रात्री ११:०५

लोकहो, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आम्ही इंदूरचे, लोकमान्यनगर. सासरे ६८ वर्षांचे, मिलमधली नोकरी, बिडी चाळीस वर्षं. जानेवारीपासून खोकला होता. टीबी समजून औषधं चालू झाली आणि चार महिने त्यातच गेले. (त्या डॉक्टरांबद्दल लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही.) आता निदान पक्कं आहे. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ, छातीच्या मधल्या गाठींपर्यंत पसरलेली. तिसरा टप्पा, नॉन-स्मॉल सेल. ऑपरेशन नाही म्हणाले, किमो आणि सिकाई एकदमच. इथे सगळे सिकाईच म्हणतात, रेडिएशन म्हटलं तर वॉर्डबॉय विचारतो, "मतलब सिकाई ना?"

कागदावर लिहिलंय ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार. दर सोमवारी किमोची दोन औषधं, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. येत्या सोमवारपासून सुरू.

आता प्रश्न. मागच्या गल्लीतल्या एका काकांना ६६ दिले होते. नणंदेच्या ओळखीत तोंडाच्या कॅन्सरला ७०. आमचं आयुष्मान कार्डावर चाललंय, तर दीर म्हणतात, "कार्डवाल्यांना कमी देत असतील." मला पटत नाही, पण झोपही येत नाही. डॉक्टरांना तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. कुणाला माहिती आहे का?

मंदाकिनी_ग्वाल्हेर | २५ जुलै, रात्री ११:४०

ताई, आमच्या ह्यांनाही ६० च होते, तीन वर्षांपूर्वी, आणि आम्ही रोख भरत होतो. तेव्हा कार्डाचा विचार डोक्यातून काढा. बाकीचं उद्या सविस्तर लिहिते, आता मोबाईलवरून टायपायला जमत नाही.

नर्मदेहर | २६ जुलै, सकाळी ७:१५

मी बडोद्याचा. डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट होतो, आता निवृत्त. डॉक्टर स्कॅनवर गाठीभोवती रेघ ओढतात, किरणं कुठल्या कोनातून किती सोडायची ते आम्ही बसवायचो. कोबाल्टच्या मशीनवर सुरुवात केली, त्यामुळे जरा जुनं बोलेन.

आधी दिरांच्या शंकेबद्दल. ६० हा तुमच्या सासऱ्यांच्या आजाराचा जगभरचा नेहमीचा डोस आहे. रोज २ प्रमाणे ३० दिवस. कार्ड असो की चेकबुक.

"जास्त दिलं तर जास्त बरं" हे आम्हा लोकांनाही वर्षानुवर्षं वाटायचं. म्हणून अमेरिका-कॅनडात एक मोठी चाचणी झाली, आरटीओजी ०६१७. तिसऱ्या टप्प्याचेच रुग्ण, किमोही हीच दोन औषधं. काहींना ६० ग्रे, काहींना ७४. निकाल २०१५ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत छापून आला आणि आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांची तोंडं उतरली. ७४ वाल्या गटाचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) २०.३ महिने, ६० वाल्यांचं २८.७. जास्त डोसवाले लवकर गेले! अन्ननलिकेचा तीव्र दाह ६० ला ७ टक्क्यांना, ७४ ला २१ टक्क्यांना. हृदयावर पडलेल्या किरणांकडेही बोट दाखवलं गेलं. तेव्हापासून छातीचं प्लॅनिंग करताना हृदयाकडे जास्त बारकाईने बघायला लागले.

याचं कारण असं की ती गाठ मोकळ्या मैदानात बसलेली नाही. पुढे हृदय, मागे पाठीचा कणा, मधून अन्ननलिका जाते, भोवती चांगलं फुप्फुस. किरणं गाठीपर्यंत पोचतात ती यांच्यातूनच. मज्जारज्जूला आम्ही ४५-५० च्या वर जाऊच देत नाही. दोन्ही फुप्फुसं मिळून २० ग्रे किंवा त्याहून जास्त खाणारा भाग ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, याला व्ही-२० म्हणतात. तो आकडा वाढला की पुढे फुप्फुसाला सूज यायची भीती वाढते. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ गाठीला डोस पोचवण्यात गेला नाही, बाकीच्यांना वाचवण्यात गेला.

शेजारच्या ६६ शी आणि तोंडाच्या ७० शी तुलना करूच नका. ग्रेची बेरीज किराण्याच्या बिलासारखी होत नाही. रोज किती, किती दिवसांत, शरीरात कुठे, यावर सगळं आहे. अगदी सुरुवातीच्या लहान गाठीला ३ वेळांत ५४ देतात आणि तो ३० वेळांतल्या ६० पेक्षा कितीतरी भारी पडतो.

आता जाता जाता 'सिकाई' या शब्दाबद्दल. ग्रे म्हणजे एक किलो वजनात एक ज्यूल ऊर्जा. रोजच्या २ ग्रेने शरीराचं तापमान एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं वाढेल. म्हणजे शेकलं काहीच जात नाही. मार बसतो तो पेशीतल्या डीएनएवर. तुमच्या सासऱ्यांना मशीनखाली गरम लागलं नाही तर "आज दिलंच नाही वाटतं" असं समजू नका. एक आजोबा रोज मला हेच विचारायचे.

चिंचेचं_झाड | २६ जुलै, दुपारी १:३०

+१. माझ्या आईला स्मॉल सेल होता, फुप्फुसाच्याच कॅन्सरचा दुसरा प्रकार. तिला ४५ ग्रे, पण तेही ३० वेळाच! दिवसातून दोनदा दीड-दीड, तीन आठवड्यांत खलास. मधे सहा तास जावे लागायचे म्हणून आम्ही हॉस्पिटलच्या बागेत चटई टाकून पडायचो. तेव्हा मीही असाच हिशेब करत बसले होते की आपल्याला १५ कमी मिळाले.

बेधडक_भिया | २६ जुलै, दुपारी ३:१०

ताई राग नका मानू, पण किमोने माणूस आधी जातो, कॅन्सरने नंतर. आमच्या मामांनी एक वैद्य गाठले, भस्म आणि काढा. वर्षभर ठणठणीत होते. नंबर हवा तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पांढराकोट | २६ जुलै, दुपारी ४:००

बेधडकराव, "होते" हा शब्द तुम्हीच लिहिलात.

मी इंदुरातच जनरल प्रॅक्टिस करतो, कॅन्सरतज्ज्ञ नाही. ताई, एवढंच ऐका. कार्बोप्लॅटिनचा डोस काढताना किडनी किती काम करते हे धरून हिशेब करतात. काही रसौषधींत, भस्मांत पारा, शिसं असतं. किडनी बिघडली की तोच डोस अंगावर येतो. काहीही द्यायचं असेल तर किमोच्या डॉक्टरांना आधी दाखवा, अगदी व्हिटॅमिनच्या गोळ्यासुद्धा. आणि बिडी आजपासून बंद. "आता सोडून काय उपयोग" म्हणतील, तर सांगा की ओढत राहिलं तर सिकाईचा फायदा कमी होतो आणि त्रास वाढतो.

मंदाकिनी_ग्वाल्हेर | २६ जुलै, रात्री ९:२०

हं, आता लॅपटॉप मिळाला.

पहिले दोन आठवडे काही होत नाही. तुम्हाला वाटेल, उगीच घाबरलो. तिसऱ्या आठवड्यात गिळताना घास अडकल्यासारखं होतं, मग जळजळ, मग पाणीसुद्धा दुखतं. तोवर थांबू नका. आजपासूनच वजन लिहून ठेवा आणि खायला घाला. ह्यांचं सहा किलो गेलं. वजन उतरलं की शरीराचा आकार बदलतो आणि प्लॅन परत करावा लागू शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

म्युकेन जेल डॉक्टर लिहून देतील, जेवायच्या आधी थोडं थोडं गिळायचं, घसा बधिर होतो. मी फ्रीजमध्ये ठेवायची, गार बरं वाटायचं. तोंडात पांढरं साय धरल्यासारखं दिसलं तर दाखवा, ती बुरशी असते, त्याचं औषध वेगळं.

छातीवरच्या खुणा! त्या साबणाने घासायच्या नाहीत. आमच्याकडे ऐन मे महिना होता, ह्यांचा बनियन रोज जांभळा.

आणि हात डोक्यावर धरून निजावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं. बाबांचे खांदे कसे आहेत?

सराफ्याची_सून | २६ जुलै, रात्री ११:३०

खांद्याचं कसं ओळखलंत! उजवा खांदा धरलेलाच आहे. परवा स्कॅनच्या वेळी निळ्या पिशवीत निजवलं, ती हवा काढल्यावर अंगाच्या आकाराची कडक होते. हात वर करायला सांगितले तर बाबा कण्हले. आता रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करून घेते. कुणीतरी खडूने रेघ मारून ठेवलीय, आज कुठवर गेलं ते.

नर्मदेहर काका, तुमचा प्रतिसाद दिरांना मोठ्याने वाचून दाखवला. ते गप्प झाले, पण व्ही-२० विचार म्हणाले. विचारते.

उंटावरचा_शहाणा | २७ जुलै, सकाळी १०:०५

माझा प्रश्न बावळट वाटेल. घरात दोन वर्षांचा नातू आहे. सिकाई झालेल्या माणसाजवळ मूल गेलं तर चालतं का?

नर्मदेहर | २७ जुलै, सकाळी १०:२०

चालतं, खुशाल मांडीवर बसवा. बाहेरच्या मशीनने दिलेली किरणं मशीन बंद झालं की संपली. अंगात काही उरत नाही. गरोदर सुनेनेही जवळ बसायला हरकत नाही.

सराफ्याची_सून | ३० जुलै, रात्री १०:१५

सुरू झालं. व्ही-२० विचारला. डॉक्टर बाईंनी मान वर करून बघितलं, हसल्या आणि कॉम्प्युटरवर रंगीत चित्र उघडून दाखवलं. २७ टक्के. गाठीभोवती लाल, मग पिवळं, बाहेर निळं. बाबा म्हणाले, "ही तर रांगोळी."

किमोच्या दुसऱ्या दिवसापासून उचक्या. थांबेचनात. अख्खं इंदूर आठवण काढतंय की काय! नंतर कळलं, किमोच्या आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून जे स्टेरॉइड देतात त्यानेही लागतात.

सराफ्याची_सून | १४ ऑगस्ट, रात्री ११:५०

मंदाकिनीताई, तुम्ही म्हणालात तसंच. आज १४ वा झाला. परवापासून घास उतरत नाही. इंदूरच्या माणसाला पोह्यांवर सेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) नको असं सांगणं म्हणजे काय ते तुम्हाला ग्वाल्हेरला बसून कळायचं नाही. जिरावणाची डबी मी वरच्या फळीवर लपवली. बाबांनी स्टूल घेतलं आणि काढली. एक चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. काही बोलले नाहीत, डबी माझ्या हातात दिली.

सध्या चालतं ते असं: मऊ भात-दूध, गार केलेली खीर, मुगाचं पाणी तुपावर, केळं कुस्करून, अंडं दुधात. गरम काही नाही. साबुदाण्याची पातळ खीर सगळ्यात सरळ उतरते. जेल चालू आहे. वजन दोन किलो उतरलं.

पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात म्हणतात. तेही सिकाईचं का?

पांढराकोट | १५ ऑगस्ट, सकाळी ९:००

नाही, ते पॅक्लिटॅक्सेलचं. किमोवाल्यांना या सोमवारी नक्की सांगा, "एवढंसं काय सांगायचं" करू नका. चप्पल नीट घालायला लावा, पायाला टोचलेलं कळत नाही.

आणि घरात थर्मामीटर आहे का? १००.४ च्या वर गेलं तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल.

सराफ्याची_सून | २५ ऑगस्ट, पहाटे ५:१०

डॉक्टरसाहेब, तुम्ही तो थर्मामीटरचा प्रतिसाद लिहिला नसतात तर आम्ही क्रोसिनच दिली असती. काल रात्री १०१.२. यजमान म्हणाले, पावसाळा आहे, व्हायरल असेल. मी रिक्षा बोलावली. पांढऱ्या पेशी ९०० पर्यंत उतरल्यात. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. आत्ता बाबा झोपलेत, मी बाहेर बाकावर बसून लिहितेय.

आजची किमो रद्द होणार. सिकाईचं काय ते सकाळी ठरवतील. मी घाबरलेय, किमो चुकली तर सगळं वाया जाईल का?

नर्मदेहर | २५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

वाया नाही जात. पाचवी-सहावी किमो पुष्कळांची चुकते. सिकाईचे दिवस मात्र शक्यतो चुकू नयेत. एकूण दिवस लांबले की मधल्या काळात गाठीतल्या पेशी परत वाढायला लागतात. ते देतो म्हणाले तर खाटेवरून न्या, पण न्या. मात्र निर्णय त्यांचा. आणि तुम्ही काहीतरी खाऊन घ्या.

सराफ्याची_सून | २९ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताप उतरला, घरी आलो. सिकाई एकही दिवस चुकली नाही, तिसऱ्या मजल्यावरून व्हीलचेअरवर नेत होतो. आणि आता मशीनच बंद! काल आणि आज, दोन दिवस. आम्ही साडेतीन तास बसलो आणि मग एकाने येऊन सांगितलं की घरी जा. बाहेरगावची माणसं, धारची, खरगोनची, पहाटे निघून आलेली. फोन तरी करायचा ना! नाव लिहीत नाही, अजून आठ दिवस तिथेच जायचंय.

नर्मदेहर | २९ ऑगस्ट, रात्री १०:००

मशीन बंद पडणं नवं नाही, न सांगणं वाईट. सोमवारी विचारा, भरपाई कशी करणार? शनिवारी बोलावतात, किंवा एखाद्या दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा देतात. तुम्ही विचारलंत तर त्यांच्या यादीत नाव वर जातं. हे मी आतल्या माणसाचं सांगतोय.

सराफ्याची_सून | ६ सप्टेंबर, रात्री ११:३०

विचारलं, म्हणून आज शनिवारी बोलावलं. आणि आज नेमकी अनंत चतुर्दशी. बाहेरच्यांसाठी सांगते, इंदूरला आज रात्रभर मिलच्या झांक्या (रोषणाईचे फिरते देखावे) निघतात. मिलं कधीच बंद पडली, झांक्या थांबल्या नाहीत. संध्याकाळपासून रस्ते बंद, म्हणून आम्ही दुपारी एकलाच जाऊन आलो. परत येताना बाबांनी रिक्षा थांबवायला लावली. एका कडेला झांकी उभी होती, लाइटांच्या वायरी जोडत होते. बाबा तरुणपणी हेच करायचे. खाली उतरायची ताकद नव्हती, रिक्षातूनच ओरडले, "ओ भिया, तो लूज है, गिर जाएगा!" आवाज बसलाय, त्याला ऐकू गेलं नाही. रिक्षावाल्याने जाऊन सांगितलं.

२८ झाले.

मंदाकिनी_ग्वाल्हेर | ७ सप्टेंबर, सकाळी ८:००

वाचून डोळे भरले. दोनच राहिले. पण लक्षात ठेवा, संपल्यावर लगेच घसा सुटत नाही. पुढचे आठ-दहा दिवस उलट जास्त. मग एक दिवस भाजी मागतात.

चिंचेचं_झाड | १० सप्टेंबर, दुपारी २:००

काल संपलं असेल ना? पुढे ते इम्युनोथेरपीचं इंजेक्शन सांगितलं का, दुर्वालुमॅब?

सराफ्याची_सून | १२ सप्टेंबर, रात्री १०:४५

संपलं, ३० पूर्ण. सहावी किमोही नाही दिली, प्लेटलेट कमी. म्हणजे चारच झाल्या.

इंजेक्शनचं सांगितलं. दर दोन आठवड्यांनी, वर्षभर. डॉक्टर बाईंनी आकडे दिले, चाचणीत पाच वर्षांनी ते घेतलेले शंभरात ४३ हयात होते, न घेतलेले ३३. मग किंमत सांगितली. यजमानांनी कागद घडी करून खिशात ठेवला. घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. बाबांनीच रात्री सांगितलं, "घर विकायचं नाही." यावर सध्या कुणी काही सुचवू नका, प्लीज.

नर्मदेहर | १३ सप्टेंबर, सकाळी ७:००

नाही सुचवत. फक्त एक: पुढच्या सहा महिन्यांत कोरडा खोकला, चढताना धाप किंवा बारीक ताप आला तर सर्दी समजू नका. किरणांमुळे फुप्फुसाला सूज येते ती बहुधा संपल्यावर एक ते सहा महिन्यांत. जिथे सिकाई झाली तिथेच दाखवा, "अमुक तारखेला संपली" हे पहिल्या वाक्यात सांगा.

सराफ्याची_सून | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ अर्ध्याहून लहान झाली होती, ते लिहायचं राहिलं. दिवाळीत बाबांनी चकली खाल्ली, मोडून, पण खाल्ली.

गेल्या आठवड्यात कोरडा खोकला सुरू झाला आणि जिना चढताना धाप. मी काकांचं वाक्य तसंच्या तसं म्हटलं, "नऊ सप्टेंबरला सिकाई संपली." स्कॅन केला. सूजच निघाली. प्रेडनिसोलोन चालू केलंय, आणि स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, हळूहळू महिना-दीड महिन्यात उतरवायचं, असं तीनदा बजावलं.

पांढराकोट | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

बरोबर. एकदम सोडलं तर खोकला परत उसळतो. शुगर तपासत राहा, स्टेरॉइडने वाढते. भूकही वाढेल.

सराफ्याची_सून | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

खोकला चौथ्या दिवशीच कमी झाला. भुकेचं मात्र काय सांगू! रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड ऐकली. मला वाटलं मांजर. दिवा लावला तर बाबा ओट्याशी उभे, स्टूल ओढलेलं, एका हातात लसणाची सेव आणि दुसऱ्या हातात जिरावणाची डबी. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता झोंबत नाही गं."

सकाळी उपाशीपोटी शुगर २१४. डबा अर्धा रिकामा. डॉक्टर बाईंचा फोन दहानंतर लागतो.